अवजाराला शस्त्र कोणी केले?

गेल्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पुस्तक प्रदर्शन होते. टेम्पोतून पुस्तकांचे गठ्ठे उतरले. प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकच्या पट्टीने करकचून बांधलेला. एकाने किल्लीने पट्टी घासून पाहिली, दुसऱ्याने दात लावून पाहिले, तिसरा कात्री शोधायला आत धावला. माझ्या पँटच्या उजव्या खिशात तेव्हा एक घडीचा चाकू होता. पाते जेमतेम अडीच इंचांचे. माझा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थबकला.

भोवती वीस-पंचवीस माणसे होती. सगळी ओळखीची, बरीचशी माझ्या विद्यार्थ्यांचे पालक. कुणी मला काही म्हटले नव्हते आणि कुणी म्हटलेही नसते. तरी हात बाहेर येईना. तेवढ्यात एका निवृत्त गुरुजींनी आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यातला छोटा लाल चाकू काढला आणि कचाकच सगळ्या पट्ट्या कापल्या. "गुरुजी नेहमी तयारीनिशी!" असे कुणीतरी म्हणाले, सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र झोप येईना. गुरुजींच्या खिशातून निघाली ती तयारी. माझ्या खिशातून तीच वस्तू निघाली असती तर तिला काय म्हटले असते? हा प्रश्न लोकांनी मला विचारलाच नव्हता, तो माझा मीच विचारला होता. हेच जास्त टोचत होते.

दुसऱ्या दिवशी मामूंना हे सांगितले. ते म्हणाले, "बरं केलंस, बेटा. आपल्या नावाच्या माणसानं चाकू खिशात ठेवू नये. लोक चाकू बघत नाहीत, नाव बघतात."

त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. काळ्या पात्याचा, मुठीवर बोटांच्या खाचा असलेला, एका झटक्यात उघडणारा चाकू. खाली लिहिले होते, "सर, तुम्हाला चाकूंचा शौक आहे ना? असला घ्या. दिवस वाईट आहेत, कामाला येईल."

मामू म्हणतात ठेवू नकोस, विद्यार्थी म्हणतो असला ठेवा. दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात असे वाटेल. पण नीट ऐकले तर दोघांचे एका गोष्टीवर एकमत आहे. चाकू हा माणसाच्या अंगावर चालवायचा असतो, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. एक त्या कल्पनेला भितो, दुसरा त्या कल्पनेवर भाळतो. माझे भांडण या दोघांशीही आहे आणि ते मी आज इथे भांडणार आहे.

आधी शौकाबद्दल सांगतो, कारण अनेकांना तो विचित्र वाटतो. रोज अंगावर बाळगायच्या उपयोगी वस्तू नीट पारखून घेणे, त्या जमवणे, त्यांची निगा राखणे हा जगभर एक छंद आहे. त्याला 'एव्हरीडे कॅरी' म्हणतात. त्यात पेन, घड्याळ, बॅटरी, पाकीट येते, आणि खिशातला चाकू तर येतोच. दोन वर्षांपूर्वी मी या छंदात पडलो. नव्या माणसाच्या सगळ्या चुका केल्या. पहिल्या सहा महिन्यांत ऑनलाइन दुकानांतून चार स्वस्त चाकू घेतले. एकावर कवटी कोरलेली, एकावर 'स्टेनलेस' असा ठसा आणि बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्या स्टेनलेसवर तांबूस ठिपके उठले. दुसऱ्याचा खिळा ढिला झाला आणि पाते लगलग हलू लागले. चौथ्याला धार लागतच नव्हती, आणि लागलीच तर दोन कैऱ्यांवर संपायची. चारही चाकूंच्या पैशांत एक चांगला आला असता.

मग उलटे टोक गाठायची इच्छा झाली. पंधरा-वीस हजारांचे चाकू, नावाजलेली पोलादे, पात्यावर लाटांसारखी नक्षी. एका परिचिताकडे तसा आहे. तो मखमली पेटीत असतो. त्याने त्याने आजवर एक लिंबूही कापलेले नाही, कारण डाग पडेल. आपल्याकडे म्हण आहेच, सोन्याची सुरी असली म्हणून कोणी उरात मारून घेत नाही. मी त्यात एवढीच भर घालीन की सोन्याच्या सुरीने कोणी कांदाही चिरत नाही.

म्हणून माझा पहिला मुद्दा असा. चाकू मधल्या किमतीचाच घ्यावा. माझ्या हिशेबात हजार-दीड हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत. त्याखालचा बहुधा काम करू शकत नाही आणि त्यावरच्याकडून आपण काम करून घेत नाही. मधला चाकू हरवला तर वाईट वाटते, पण झोप उडत नाही. म्हणून तो वापरला जातो, आणि वापरला गेलेला चाकूच अवजार ठरतो. न वापरलेला चाकू एक तर दागिना होतो, नाही तर धमकी.

दुसरा मुद्दा कामाचा. दुकानात जाण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा आणि दिवसात कुठे कुठे काहीतरी कापायची गरज पडली ते लिहा. माझ्या वहीत हे निघाले: पार्सलची चिकटपट्टी, दुधाची पिशवी, सुतळी, पेन्सिल, सफरचंद, कैरी, औषधाच्या पाकिटाचा कोपरा, बागेतली वेल, शर्टाचा लोंबता दोरा. सात दिवसांत माणूस एकदाही नाही. या कामांना तीन इंचांहून लांब पाते लागत नाही. जाड पाते तर नकोच. झटक्याने उघडणाऱ्या त्या काळ्या चाकूंचे पाते तीन-साडेतीन मिलिमीटर जाड असते. ते सफरचंद कापत नाही, पाचरीसारखे घुसून त्याचे दोन तुकडे पाडते. दोन-अडीच मिलिमीटरचे, धारेकडे निमुळते होत गेलेले पाते घ्या. मुठीवर बोटांच्या खाचा असतील तर तो बाजूला ठेवा. त्या खाचा मूठ आवळून धरण्यासाठी असतात, आणि कैरी मूठ आवळून कापत नाहीत, दर वेळी हाताची पकड बदलते. उघडताना दोन हात लागले तर काय बिघडले? पात्यावर नखापुरती खाच असते, तिथे नख लावून सावकाश उघडावा. तुमची कुणाशी स्पर्धा नाही.

पोलादाबद्दल लोक तासन्‌तास वाद घालतात. मी कोकणातला, म्हणून मला एकच वाद कळतो, गंजाचा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तिथे लोखंडाची काय कथा. पोलादात क्रोमियम साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर असले की त्याला स्टेनलेस म्हणतात. पण सगळेच क्रोमियम गंजाशी लढायला मोकळे नसते, त्यातले काही कार्बनशी बांधले जाते. म्हणून डी-टू नावाचे पोलाद बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असूनही दमट हवेत डागाळते. फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल हा जगातल्या उत्तम साध्या चाकूंपैकी एक. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी केला. आठ नंबरच्या ओपिनेलचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, पातळ, आणि कापते असे की बघत राहावे. पण त्याची मूठ लाकडाची. पहिल्या पावसात ती फुगली आणि पाते आत अडकून बसले, पकडीने ओढून काढावे लागले. मूठ कोरडी करून तिला जवसाचे तेल पाजले, तेव्हा कुठे वळणावर आली. कार्बन पोलादाचा घेतलात तर पहिल्याच कोकमाने पाते काळे पडेल. ते काळेपण वाईट नसते, पण पुसून तेलाचा हात फिरवायचा आळस केलात तर त्यावर गंज चढतो. घाटावरच्या कोरड्या हवेत राहणाऱ्याने ओपिनेल डोळे मिटून घ्यावा. किनाऱ्यावरच्या माणसाने स्टेनलेस पाते आणि धातूची मूठ बघावी.

फार कडक पोलादाच्या मोहात पडू नका. कडकपणा रॉकवेल मापात मोजतात. पंचावन्न ते अठ्ठावन्नच्या दरम्यानचे पाते घरच्या साध्या दगडावर दहा मिनिटांत धारेला येते. साठच्या वर गेलात की धार जास्त दिवस टिकते खरी, पण उतरली की परत आणायला हिऱ्याची पाटी आणि सवड लागते. शिक्षकाकडे दोन्ही नसते. आणि ज्याला धार लावता येत नाही त्याने चाकू जमवणे म्हणजे ज्याला पोहता येत नाही त्याने होड्या जमवणे.

आता हे सगळे गुण ज्या चाकूत आहेत तो म्हणजे गुरुजींच्या जुडग्यातल्या त्या लाल चाकूचा थोरला भाऊ. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्झनरने १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये तो स्विस सैन्याला शिपायांचे घडीचे चाकू पुरवू लागला. आज त्या कंपनीला व्हिक्टोरिनॉक्स म्हणतात. सैन्याने हा चाकू कशासाठी मागवला? डबा फोडायला आणि नव्या रायफलीचे स्क्रू खोलायला. म्हणून त्यात पात्याच्या जोडीला डबा फोडायचे आकडे, स्क्रूड्रायव्हर आणि भोक पाडायची आरी होती. लढायला शिपायाकडे बंदूक होती. बघा, ज्या चाकूच्या नावातच सैन्य आहे तोसुद्धा माणूस मारायला केलेला नव्हता. आणि आमच्या बाजारात मात्र ज्याला आयुष्यात सैन्याचा वारा लागलेला नाही असा कारकून 'टॅक्टिकल' नावाचा चाकू खिशात घेऊन पार्सल फोडतो.

या 'टॅक्टिकल' बाजारावर माझा राग आहे तो एवढ्यासाठी की तो भीती विकतो. "दिवस वाईट आहेत" हे वाक्य माझ्या विद्यार्थ्याचे नव्हे, त्या दुकानाचे आहे. ते हिंदू तरुणालाही विकले जाते आणि मुसलमान तरुणालाही. दोघांनाही सांगितले जाते की समोरचा तयारीत आहे. पोरांनो, चाकूने स्वतःचे रक्षण होत नाही. घाबरलेल्या, न शिकलेल्या हातातला घडीचा चाकू आधी त्याच हाताची बोटे कापतो. भांडणात चाकू निघाला की दोन कुटुंबे उद्ध्वस्त होतात, एक दवाखान्यात आणि एक कोर्टात. संकटात पळून जाणे, मोठ्याने ओरडणे, ११२ नंबर फिरवणे याला कोणी टॅक्टिकल म्हणत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नसते.

आता मामूंकडे वळतो. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती मी घरात पाहिली आहे.

आमचे दादा बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष तसे होते. त्यांच्याकडे बोटीवरचा एक घडीचा चाकू होता. दोरखंड कापायचा, म्हणून पाते रुंद, धार सरळ, आणि टोक मुळी नव्हतेच. खलाशांचे चाकू अनेकदा तसे बोथट टोकाचे असत. हलत्या बोटीवर टोकदार पाते कुणाच्याही अंगात घुसेल, म्हणून. दादा गेले, चाकू अब्बांकडे आला. अब्बा तेव्हा मुंबईत नोकरीला होते आणि आम्ही चाळीत राहत होतो. १९९३ च्या जानेवारीत मी आठवीत होतो. त्या दिवसांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी आमच्या घरातली एकच गोष्ट सांगतो. घरोघर झडती होणार अशी आवई उठली. अब्बांनी ट्रंकेतून तो चाकू काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पहाटे चाळीमागच्या गटारात सोडून आले. परत आल्यावर बराच वेळ हात धूत होते. स्वयंपाकघरात मात्र मटण कापायची नऊ-दहा इंची सुरी फळीवर तशीच होती. तिला कोणी हात लावला नाही, कारण ती सुरी होती. टोक नसलेला, दोरखंड कापणारा तीन इंचांचा चाकू गटारात गेला, कारण तो चाकू होता.

अब्बा त्यानंतर सुतळी दातांनी तोडत. मला वाटते, वाचनालयात माझ्या खिशापाशी जो हात थबकला तो माझा नव्हताच. तो अब्बांचा होता.

म्हणून मामूंना मी मान देतो. पण त्यांचा सल्ला मानत नाही. कारण त्या दिवशी अब्बांनी जे केले ते संकटातले होते. संकटात माणूस घरातले दागिनेही पुरतो. पण संकट ओसरल्यावर ते उकरून काढायचे असतात. आपण काढले नाहीत. तीस वर्षांपूर्वीची खबरदारी आपण मुलांना संस्कार म्हणून देत आहोत. हे बाळगू नकोस, ते बोलू नकोस, तिथे दिसू नकोस. एकेक वस्तू सोडत गेलो तर शेवटी खिशात फक्त आधार कार्ड उरेल.

आणि जी गोष्ट आपण सोडतो ती रिकामी राहत नाही. कामाचा चाकू भल्या माणसांनी खिशातून काढून टाकला की रस्त्यावर उरतो तो फक्त गुंडाचा चाकू. मग वर्तमानपत्राला 'धारदार शस्त्र' हे दोनच शब्द पुरतात. हे फक्त मुसलमानांच्या बाबतीत घडते असेही नाही. कोयत्याचे बघा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. मराठवाड्यातल्या कितीतरी संसारांचे नाव ज्या अवजारावरून पडले, त्याच अवजाराचे नाव आता बातम्यांत 'कोयता गँग' म्हणून येते. चार टवाळांनी कोयता हातात घेतला आणि भाषेत तो त्यांच्या मालकीचा झाला. रामपूरच्या चाकूचेही तेच. नवाबी काळापासून तिथल्या कारागिरांनी हातात बसलेली कला जपली. सिनेमातल्या खलनायकाने एक खटका दाबला आणि 'रामपुरी' म्हणजे गुंडाचा चाकू ठरला. पुढे बंधने आली, कारागीर घटले. २०२३ मध्ये त्या शहराने चौकात सहा मीटरहून लांब चाकू उभारून आपली ओळख परत मागितली. पण चौकातला चाकू काही कापत नाही. अवजाराची अब्रू परत येते ती वापराने.

मी भाषेचा शिक्षक आहे, म्हणून शब्दांकडे जातो. मराठीत 'हत्यार' हा शब्द सुताराच्या पटाशीलाही चालतो आणि तलवारीलाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या आळीतला सुतार आपली हत्यारे धुऊन पुसून मांडतो, फुले वाहतो. तिथे करवत असते, रंधा असतो, वाकस असते. त्याला कोणी विचारत नाही की एवढी हत्यारे कुणासाठी? 'अवजार' हा शब्द मराठीने अरबी-फारसीतून घेतला, उर्दूत आजही तो 'औजार' आहे. म्हणजे करणाऱ्या हाताच्या वस्तूसाठी दोन्ही भाषांचा शब्द एकच. फक्त भीती लागली की आपण 'शस्त्र' म्हणतो.

उर्दूत आणखी एक सुंदर शब्द आहे, कलमतराश. कलम तासायचा चाकू. पूर्वीचा कातिब, म्हणजे सुलेखन करणारा, शाई आणि कागदाइतकाच कलमतराश जपायचा. बोरू तासायचा, मधोमध चीर द्यायची, मग टोक एका छोट्या पट्टीवर टेकवून तिरका छेद घ्यायचा. त्या छेदाला कत म्हणतात. कत चुकला की अक्षर चुकले. आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकूनही बोरूनेच लिहीत आणि बोरू काही आपोआप टोकदार होत नसे. इंग्रजांचा खिशातला छोटा चाकूही मूळचा पिसाची लेखणी तासण्यासाठीच, त्याचे नावच 'पेननाइफ'. म्हणजे खिशातल्या चाकूचा जवळचा नातेवाईक कोण? तलवार नव्हे, लेखणी. उर्दूच्या मास्तराच्या खिशात चाकू बघून कुणाला आश्चर्य वाटत असेल तर त्याला मी हेच सांगेन की आमच्या धंद्याचे हे जुने अवजार आहे, मध्ये काही वर्षे गहाळ झाले होते.

"पण कायदा?" असे मामू विचारणारच. कायदा जरूर वाचा, कारण घाबरण्यापेक्षा वाचणे सोपे असते. शस्त्र अधिनियम १९५९ चा आणि त्याखालच्या २०१६ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोजले आहेत, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी केलेले वगळले आहेत. अडीच-तीन इंचांचा चाकू त्या मापाच्या आसपासही नाही. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा काळात मनाई आदेश निघतात, आणि त्यात चाकूच काय, काठीसुद्धा येते. असा आदेश असेल तेव्हा चाकू घरी ठेवावा. विमानात हातातल्या बॅगेत तो चालत नाही. मेट्रोत, कोर्टात, सरकारी कचेरीत, सभेत नेऊ नये. शाळेत तर मी तो कधीच नेत नाही, पोरांच्या हाती लागेल म्हणून. झटक्याने उघडणारा, बटणाचा चाकू खिशात ठेवूच नये. खरेदीची पावती जपून ठेवावी. हे नियम मी मुसलमान म्हणून पाळत नाही, चाकू बाळगणारा म्हणून पाळतो. गुरुजींनीही ते पाळावेत.

कायदा इंच विचारतो. रस्त्यावरचा माणूस कधी कधी आधी नाव विचारतो, हे मला ठाऊक आहे. तिथे मामूंचे म्हणणे खरे आहे आणि ते खरे आहे ही लाजेची गोष्ट आहे. पण ती लाज माझी नाही. ज्याला नाव ऐकून पात्याची लांबी वाढल्यासारखी वाटते त्याची ती आहे. मी माझा खिसा रिकामा करून त्याची लाज का झाकू?

दीनदार मंडळींसाठीही दोन शब्द. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरावीत, कुणाला इजा होऊ नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. भावाकडे, गमतीनेही, लोखंड रोखू नये असेही आले आहे. यात धारदार वस्तू बाळगूच नका असे म्हटलेले नाही. बाळगण्याची रीत सांगितली आहे. टोक स्वतःकडे, भार स्वतःवर. चाकू दुसऱ्याला देताना मूठ पुढे करावी, पाते मिटून द्यावे. बकरी ईदला सुऱ्यांसोबत फोटो काढून टाकणाऱ्या आमच्या पोरांनी ही रीत शिकायला हवी. ज्या सुरीला धार नीट लावून जनावराचा त्रास कमी करायला सांगितले आहे, ती सुरी मिरवायची वस्तू कशी झाली? ते फोटो आणि तो 'टॅक्टिकल' व्हिडिओ, दोन्हींत फरक फक्त पार्श्वसंगीताचा आहे.

शेवटी मी कोणता घेतला ते सांगून टाकतो. स्विस, दोन थरांच्या ॲल्युमिनियमच्या मुठीचा, चंदेरी. एक पाते, एक डबा फोडायचा आकडा, एक बाटली उघडायचा, एक आरी. लाल रंग मुद्दाम टाळला, तो गुरुजींचा. जुन्या चारांपैकी तीन भंगारात दिले. कवटीवालाही. विद्यार्थ्याला व्हिडिओचे उत्तर म्हणून धार लावायच्या दगडाचा फोटो पाठवला आणि लिहिले की उन्हाळ्यात घरी ये, आधी हे शिकवतो, मग चाकू निवडू. तो मे महिन्यात येणार आहे.

मामूंशी मात्र वाद अजून मिटलेला नाही. परवा ते घरी आले, गप्पा मारता मारता कमरेची चंची सोडली आणि सुपारी कातरायला अडकित्ता काढला. मी म्हटले, "मामू, तुमच्या चंचीत चाळीस वर्षं धारदार शस्त्र आहे."

ते म्हणाले, "अडकित्त्याला कोण भितंय?"

मी म्हटले, "कारण तुम्ही तो रोज काढता. सगळ्यांदेखत."

मामूंनी सुपारीचे खांड तोंडात टाकले आणि काही बोलले नाहीत. जाताना दारात पार्सल आले होते. मी खिशातून चाकू काढला, पट्टी कापली. मामू उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "बघू." मी पाते मिटले आणि मूठ त्यांच्याकडे केली.